कोट्यातला आयफोनवाला

प्रणोतीला त्या दिवशी ना प्रेम हवं होतं, ना नवरा. तिला हवा होता एक आयफोनवाला. पुरुष, वय पंचवीस ते चौतीस, राहणार अधारताल... आणि तोही संध्याकाळच्या आत!

हसू नका, पोटापाण्याचा प्रश्न होता. लोक मोबाइलवर काय बघतात, किती वेळ बघतात, याचा सर्व्हे करणाऱ्या एका कंपनीत ती नोकरीला होती. गळ्यात ओळखपत्र अडकवायचं आणि दारोदार तेच ते विचारायचं — फोन कुठला, अ‍ॅप कुठली, सकाळी डोळे उघडले की आधी काय उघडता? अँड्रॉइडवाले ढिगानं मिळायचे. आयफोनवाल्यांचा कोटा होता दहाचा. नऊ भरले होते आणि दहावा काही केल्या सापडत नव्हता. तीन दिवस ती मेन रोडच्या दुकानांवरून लोकांच्या हातांकडे बघत फिरत होती. चेहऱ्यांकडे बघायची सवयच गेली होती बिचारीची.

म्हणून गौरांगचाही तिला आधी हातच दिसला.

पेरूच्या ठेल्याजवळ उभी राहून ती फोनवर आईपाशी कुरकुरत होती, "अगं, मिळूनच नाही राहिला! अख्ख्या अधारतालात एक नाही धड!"

"काय मिळून नाही राहिलं?" शेजारून कुणीतरी विचारलं. या हिंदी मुलखात, भर रस्त्यात, मराठीत! ती वळली. आधी दिसला हात, हातात फोन, फोनच्या पाठीवर ते उष्टं सफरचंद. मग... जरा उशिरानं... हसरे डोळे.

"तुम्ही!" ती म्हणाली.

"मी?"

"म्हणजे... हा फोन तुमचाच आहे ना? वय किती?"

"फोनचं की माझं?"

"तुमचं हो!"

"एकोणतीस. लग्न झालेलं नाही, हेही लिहून घ्या."

"तो रकाना नाही आमच्या फॉर्मात."

"अच्छा... मग काहून भरू असला फॉर्म?"

पण भरला हो! तिखटमीठ लावलेल्या पेरूची फोड तिच्यापुढे सरकवत भरला. नाव गौरांग. केंद्र सरकारच्या ऑफिसात नोकरी, घरी आई-वडील. घराणं नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत असताना इकडे आलं ते इथलंच झालं, हेही त्यानं न विचारता सांगून टाकलं. प्रणोती घमापुरची. वडील रेल्वेत. तिच्याकडे सांगायला घराणं-बिराणं काही नव्हतं, म्हणून तिनं नुसता पेरू खाल्ला.

आता यातली मेख ऐका. अँड्रॉइडवर कंपनीचं अ‍ॅप टाकलं की काम झालं, ते आपोआप सगळं मोजतं. आयफोन असं कुणाला आत डोकावू देत नाही. म्हणून आयफोनवाल्यानं आठ आठवडे, दर रविवारी, आपल्या फोनमधल्या 'स्क्रीन टाइम'चा फोटो स्वतःच पाठवायचा. कुठल्या अ‍ॅपवर किती तास गेले ते खाली आणि वर एकूण बेरीज. पाठवायचा कुणाला? अर्थात प्रणोतीला.

पहिल्या रविवारी त्याचं व्हॉट्सअ‍ॅप होतं दोन तास. दुसऱ्या रविवारी पाच. तिसऱ्या रविवारी अकरा!

"मॅडम, हे काय होऊन राहिलं माझ्या फोनला?" त्यानं लिहिलं.

"डेटा तुमचा. कारण तुम्हालाच ठाऊक."

"डेटा माझा, पण गुन्हेगार घमापुरला राहते."

"आम्ही फक्त मोजतो जी. पकडत नाही."

"पकडा ना... कोण नाही म्हणून राहिलं!"

फोन उशाखाली दडपून प्रणोती एकटीच हसली. चौथ्या आठवड्यात 'मॅडम'ची 'प्रणोती' झाली, 'तुम्ही'चं 'तू' झालं. दोघांनी एका पानातून खोव्याची जिलबी खाल्ली, शेवटचा तुकडा कुणी घ्यायचा यावर इतका वाद घातला, की हलवाई म्हणाला, "दीदी, दूसरी दे दूँ?" एका शनिवारी तो तिला गावाबाहेर पाटनच्या रस्त्यानं घेऊन गेला. दोन्हीकडे मटाराची शेतं, उन्हात अजून दव. त्यानं एक शेंग सोलली, तिचा तळवा उघडला आणि दाणे एकेक करून त्यावर ठेवले. सात दाणे. मग तळवा मिटला... आणि हात काही सोडला नाही.

"गौरांग, कुणी बघेल ना."

"बघू दे. सर्व्हे संपला की घरी सांगणारच आहे."

"खरंच?"

"आठवा रविवार झाला की आईला. पक्का."

या एका शब्दावर पोरीनं काय केलं माहीत आहे? संक्रांतीच्या आधी तिच्यासाठी नागपूरचं एक स्थळ सांगून आलं होतं. चांगला मुलगा, चांगली माणसं, होकार देऊन वाट बघत होती. प्रणोतीनं नकार कळवला. वडील आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आई पदरानं डोळे पुसत राहिली, आणि ही मात्र आठव्या रविवारपर्यंतचे दिवस मोजत होती. आता गौरांगनं घरी सांगितलं तरच तिला बापापुढे मान वर करता येणार होती.

सहाव्या रविवारी त्याचा फोटो आला. व्हॉट्सअ‍ॅप दहा तास. खाली इन्स्टाग्राम, यूट्यूब... आणि मध्येच एक नवीन नाव. मराठी स्थळं जुळवायचं अ‍ॅप. चार तास दहा मिनिटं.

तिनं फोटो मोठा करून ते नाव पुन्हा वाचलं.

सोमवारी तो भेटला तेव्हा तिनं सरळच विचारलं. तो इतका मोकळा हसला, की तिची तिलाच लाज वाटली. "अगं, ते आई! संध्याकाळी माझाच फोन घेऊन बसते. बघू दे ना बिचारीला, नुसतं बघायला काय लागतं?"

हात्तिच्या! आईच होय! प्रणोती हसली. वर तिला त्या न पाहिलेल्या बाईची मायाच आली. घरोघरी हे तिनं पाहिलेलंच होतं — फोन एकाचा आणि बोटं चौघांची.

सातव्या रविवारचा फोटो खालून कापलेला होता. अर्धीच यादी. पण बेरजा तपासण्यात प्रणोतीची तीन वर्षं गेली होती. खोटा फॉर्म ती लांबून ओळखायची. वर एकूण एकोणतीस तास आणि खाली दिसत होते चोवीस. पाच तास कुठे गेले? तिला कळलं होतं. कळूनही तिनं मनाची समजूत घातली, की आईचंच असेल, तो लाजला असेल. प्रेमात माणूस स्वतःचा सुपरवायझर नसतो, हेच खरं दुखणं.

आठव्या रविवारी फोटोऐवजी तीच गेली. शेवटच्या भेटीत कंपनीकडून स्टीलची बाटली द्यायची आणि फॉर्मवर सही घ्यायची असा नियमच होता. पण नियमासाठी कुणी मोरपंखी कुर्ता घालत नाही. आज तो आईला सांगणार होता ना!

अंगणात कोवळ्या उन्हात त्याची आई, कुंदाकाकू, मटार सोलत बसल्या होत्या. गोऱ्या, हसऱ्या, बोलक्या. "सर्व्हेच्या का तुम्ही? या ना, बसा. गौरांग अंघोळीला गेलाय." प्रणोती खुर्ची सोडून सतरंजीवर बसली आणि परातीतल्या शेंगा सोलू लागली. काकूंना ते आवडलेलं दिसलं.

"काकू," ती लाडानं म्हणाली, "गौरांगजींच्या फोनचा अर्धा सर्व्हे तुमचाच झाला म्हणतात. तुम्हीच जास्त वापरता ना?"

"मी?" काकू खळखळून हसल्या. "छे गं बाई! त्याच्या फोनला मागे जायचं बटणच नाही. एकदा घेतला होता हातात, तर एका फोटोतून बाहेरच पडता येईना! तेव्हापासून हात नाही लावला. माझा आपला हा बरा." त्यांनी पदराला हात पुसून स्वतःचा फोन दाखवला. साधा अँड्रॉइड, काचेला तडा गेलेला.

प्रणोतीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तोच बघतो हो मुली," काकू कौतुकानं सांगत होत्या. "ऑफिसातून आला की तेच घेऊन बसतो, आणि आवडल्या की मला पाठवतो. ह्या तिघी त्यानंच काढल्यात. ही अवंतिका बघा, पुण्याची. ही चिन्मयी. आम्ही म्हटलं, तुझी तू निवड बाबा, आमचं काही म्हणणं नाही. कुठली का असेना, आपल्याला चालेल!"

आपल्याला चालेल. म्हणजे याला सांगायला कुणाची भीतीसुद्धा नव्हती! प्रणोतीला रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि संतापापेक्षा जास्त शरम. नागपूरच्या त्या माणसांना आपण कशासाठी दुखावलं?

तेवढ्यात टॉवेलनं केस पुसत गौरांग बाहेर आला, आणि तिला बघून थबकला. काकू परात उचलून "चहा टाकते हं" म्हणत आत गेल्या.

प्रणोती उठून फाटकाशी गेली. तो मागोमाग आला.

"आईला तुझ्या फोनमधून बाहेरच पडता येत नाही म्हणे," ती म्हणाली.

तो फाटकाची कडी चाळवू लागला.

"आठवडाभरात पाच तास, गौरांग? त्यातला एक दिवस तर तू माझा हात धरून बसला होतास!"

"ऐकून तर घे... तसं नाही ते." त्याचा आवाज खाली गेला. "मी नुसतं बघत होतो. खात्री नको का करायला? हा फोन घेतानासुद्धा मी चार महिने सगळी मॉडेलं बघत होतो. आणि सांगू? सगळ्या बघून झाल्या. तूच बेस्ट आहेस. शप्पथ!"

हे तो प्रेमानं म्हणत होता. त्याला वाटलं, ती खूश होईल! प्रणोतीनं त्याच्याकडे पाहिलं. तेच हसरे डोळे होते, अजूनही आवडत होते, मेले. हेच तर वाईट होतं.

"मी एकालाही बघितलं नाही," ती म्हणाली. "दारात आलेलं स्थळ परत पाठवलं तुझ्यासाठी. बाबा बोलत नव्हते माझ्याशी, माहीत आहे तुला?"

"प्रणोती... माझं प्रेम आहे तुझ्यावर." इतक्या हळू म्हणाला, की फाटकाच्या कडीनंही ऐकलं नसेल.

"मोठ्यानं म्हण."

"काय?"

"आत्ता म्हणालास ते. आई आतच आहे. मोठ्यानं म्हण... मी थांबते."

ती खरंच थांबली. एवढं ऐकूनसुद्धा थांबली, वेडी! तो एकदा तिच्याकडे बघत होता, एकदा घराकडे. त्याचे ओठ हलले...

"गौरांग," आतून काकूंची हाक आली, "चहात साखर किती हवी रे तिला? आणि एवढं काय बोलून राहिले तुम्ही दोघं?"

"काही नाही आई," गौरांग खणखणीत आवाजात म्हणाला. "सर्व्हेवाल्या मॅडम निघाल्यात."

प्रणोतीनं पर्समधून बाटली काढून फाटकाच्या खांबावर ठेवली, फॉर्म उघडला आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

"इथं सही करा," ती म्हणाली, "आणि खाली तारीख टाका, गौरांग भैया."