टेकू जागेवर होता

मालक मेले ते स्वतःच्याच कारखान्यात, स्वतःच बांधलेल्या छताखाली. फौजदारांनी दुसऱ्या दिवशी सकाळी वाहन तपासणीच्या बाईंना फोन केला तो एवढंच सांगायला.

"सरळ अपघात आहे, बाई. हलगर्जीपणा कुणाचा तेही कळलंय, आणि त्यानं कबूलही केलंय. तुमची सही तेवढी हवी."

बाईंनी नोकरीत अशा पुष्कळ सह्या केल्या होत्या. पण कुणी आयतं कबूल केलं की त्यांच्या मनात हटकून शंकेची पाल चुकचुकायची. गुडघा ठणकत होता, तरी त्यांनी बॅटरी आणि पाने पिशवीत टाकले आणि निघाल्या.

कारखाना साध्या मालवाहू व्हॅनची फिरती घरं करायचा. आत ओटा, कपाटं, बसायला बाकडी, आणि गाडीचा टप कापून त्यावर उघडणारं छत. मुक्कामाला पोचलं की छत वर ढकलायचं. बाजूचं कापड ताठ होतं आणि वरच्या फळीवर दोघांना झोपता येतं. छत वर धरून ठेवतात ते गॅसचे रॉड, मोटारीच्या डिकीला असतात तसले. निघताना छत खाली ओढायचं आणि पट्टे आवळायचे. दिसायला मोठं झोकात दिसतं. बाई मात्र असली गाडी पाहिली की आधी टपाची कड चाचपायच्या. टप कापला की गाडीच्या बरगड्याच काढल्या जातात. त्या जागी पोलादाची चौकट जोडली नाही, तर गाडी उलटल्यावर उरतो तो नुसता पत्र्याचा डबा.

दारात उभा होता तो मालकांचा मेहुणा. गिऱ्हाइकं सांभाळणं, गाड्या विकणं, बाहेरची कामं करून आणणं, सगळं त्याच्याकडे. अख्खा कारखाना त्याला मामा म्हणायचा. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं. एवढं बाईंना कळत होतं.

"ही ती गाडी," तो म्हणाला.

करड्या कापडाचं छत पोलिसांनी दोरीनं बांधून अर्धवट उघडं ठेवलं होतं. गॅसचे दोन्ही रॉड बाहेर कामाच्या बाकावर शेजारी शेजारी ठेवले होते. भिंतीवर खुंट्यांची रांग होती, आणि शेवटच्या खुंटीला एक लाकडी दांडा टांगलेला होता, टोकाला रबर गुंडाळलेला.

"हा टेकू ना?"

"हो मॅडम. रॉड नसले की छताखाली हा लावतात."

"तुम्ही काय पाहिलंत?"

"काल मी ऑफिसातून आलो तेव्हा छत पडलेलं होतं. भावजींची मान छत आणि टपाच्या कडेत सापडली होती. मी छत उचललं, त्यांना खाली घेतलं. पण सगळं संपलं होतं."

"ते तिथं काय करत होते?"

"बाकड्यावर उभं राहून, मान बाहेर काढून कड तपासत होते. गळती असेल."

"टेकू लावला नव्हता?"

"नव्हताच. काल सकाळीच त्यांच्या धाकट्या भावानं नवे रॉड बसवले होते, त्यांच्या भरवशावर राहिले. हलके रॉड बसवले होते त्यानं."

"मग रॉड बाकावर कसे आले?"

"मीच काढले, मॅडम. छत उचलताना आड येत होते. त्या घाईत काय केलं, माझं मला ठाऊक नाही."

बाईंनी मान डोलावली आणि आत चढल्या. छताच्या आतल्या मऊ अस्तरावर एक गोल खळगा होता, ताजा, कडेनं रबराचा काळा डाग असलेला. टपाच्या कडेचं अस्तर कुणीतरी नीट उसवलं होतं. पाना आत घालून त्यांनी ते आणखी खाली ओढलं. आत पोलादाची चौकट होती, जाड आणि चारी बाजूंनी जोडलेली. असं चोख काम त्यांनी क्वचितच पाहिलं होतं. चौकटीवर रंगाच्या पेननं एकच शब्द लिहिला होता: चिमणी. "आत कायसं लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"कुणा वेल्डरची खूण असेल," खालून फौजदार म्हणाले. बाईंनाही तसंच वाटलं.

शेजारी गळतीच्या तक्रारीसाठी आलेली एका गिऱ्हाइकाची गाडी उभी होती. तिचंही अस्तर उसवलेलं होतं. बाईंनी आत बॅटरी मारली आणि कडेवरून बोट फिरवलं. कापलेल्या पत्र्याची कच्ची कड, वर गोंद, त्यावर अस्तर. चौकट नव्हतीच.

खाली उतरून त्यांनी पाना बॉनेटवर ठेवला आणि हात पुसले. वळून पाहतात तर पाना भिंतीवर खुंटीला लागलेला. मामा फौजदारांशी बोलत होता, आणि बोलता बोलता त्यानं बाकावरचा फडकाही घडी करून ठेवला.

"मालकांचा फोन कुठं सापडला?" बाईंनी विचारलं.

"हातातच," फौजदार म्हणाले. "मुलीचा नंबर काढलेला होता. पण लावला नव्हता."

ऑफिसात मालकीणबाई मांडीवर फोन ठेवून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. समोरचा चहा केव्हाच गार झाला होता.

"पोरगी निघालीय," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं फिरायला गेले होते, वडिलांनी दिलेली गाडी घेऊन. बातमी कळल्यापासून जावई न थांबता चालवतोय. सकाळी म्हणाला, डोंगर उतरलो की आलोच. ती आल्याशिवाय मी यांना हलवू देणार नाही."

"बरं."

"तिला काय सांगू मी? बाबा गेले, आणि तुझ्या काकाच्या हातून गेले? ज्या काकानं तिला खांद्यावर खेळवलं त्याच्या? खरं असेल तर तसं सांगा मला, मी ऐकून घेईन. पण ती दारात यायच्या आत सांगा. पोरीला अधांतरी ठेवायचं नाही मला."

बाईंनी त्यांना धीर दिला नाही. तपासातून कुणाच्या पदरात काही चांगलं पडलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्या नुसतं "सांगते" म्हणाल्या.

मालकांचा धाकटा भाऊ चौकीच्या मागच्या खोलीत, भिंतीला टेकून बसला होता.

"रॉड मीच बसवले," त्यानं विचारायच्या आतच सांगितलं. "हलके असतील. म्हणजे मीच मारलं की दादाला."

"तेव्हा तू कुठं होतास?"

"बाजारात, कापड आणायला. आलो तर गर्दी."

"काम झालं की हत्यारं कुठं ठेवतोस?"

त्यानं चमकून पाहिलं. "जिथं काम संपतं तिथंच. मी आणि दादा, दोघंही तसलेच. मामा रोज करवादायचे आणि मागून उचलून ठेवायचे."

"टप कोण कापतं?"

"ते बाहेरून होऊन येतं. मामाच बघतात. आमच्याकडे गाडी येते ती आतून अस्तर लावूनच."

"आणि आतली चौकट?"

"असणारच की. चौकटीशिवाय गाडी रस्त्यावर कोण सोडेल?" तो म्हणाला, आणि मग एकदम त्याचा आवाज फुटला. "पोरीला माझं तोंड दाखवू नका. तिची गाडी मी स्वतः सजवली. ठरली होती करड्या कापडाची, पण पोरीला ऐन वेळी दुसरी, निळ्या कापडाची आवडली. दादा म्हणाला, घे बाई, तीच घे. मामा परगावी होते म्हणून वाचली, नाहीतर चिडवून चिडवून बेजार केलं असतं तिला."

बाईंनी फौजदारांना सांगितलं, "याला घेऊन कारखान्यात चला."

दुपारी सगळे त्या करड्या कापडाच्या गाडीपाशी उभे राहिले. मालकीणबाईंनी बसायला नकार दिला.

"छत रॉडमुळे पडलं नाही," बाई म्हणाल्या. "पडलं तेव्हा रॉड गाडीला नव्हतेच."

"मॅडम, मी सांगितलं ना, मीच नंतर..."

"छत खाली असताना रॉड दाबलेले असतात. तेव्हा ते निघत नाहीत. काढायचे तर छत आधी पूर्ण वर न्यावं लागतं. आणि छत वर गेलं म्हणजे माणूस मोकळा झाला, मग रॉड कशाला काढायचे? ते मालकांनी आधीच काढले होते, कड नीट बघता यावी म्हणून. छत उभं होतं ते टेकूवर. अस्तरावर त्याच्या रबराचा डाग अजून आहे."

धाकट्यानं डोळे पुसले आणि बाकावरच्या रॉडकडे असं पाहिलं, जणू ते त्याला आज पहिल्यांदाच दिसत होते.

"टेकू आपोआप निसटला असता तर तो आत पडलेला सापडला असता," बाई पुढे म्हणाल्या. "तो खुंटीला होता. मालक मेल्यावर उठून तो खुंटीला लावणार नाहीत. धाकटा तर जिवंतपणीही लावत नाही. या कारखान्यात वस्तू जागच्या जागी ठेवणारा माणूस एकच आहे. सकाळी त्यानं माझा पानासुद्धा उचलून ठेवला, आणि ते त्याच्या ध्यानातही नसेल."

मामानं भिंतीकडे पाहिलं. पाना अजून तिथंच होता.

"कारण शेजारच्या गाडीत आहे. तिच्या टपाला चौकट नाही. बाहेरून काम करून आणणारे तुम्ही. मालकांनी गळती शोधायला अस्तर उसवलं आणि त्यांना ते दिसलं."

"भाऊ," मालकीणबाई हळू म्हणाल्या. "त्या म्हणतायत ते खोटं आहे, एवढं म्हण."

 मामा बाकावर टेकला आणि बोलू लागला तेव्हा आवाज अगदी रोजचा होता, गिऱ्हाइकाला गाडी समजावून सांगताना असतो तसा.

"चौकटीला वेळ जातो. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. पहिल्यांदा एका गाडीची राहिली, कुणाला कळलं नाही. मग राहतच गेली. भावजींना कळलं तेव्हा मी पाय धरले त्यांचे. चिडले, पण माणूस मोठा. म्हणाले, एकेक गाडी परत आणू आणि बसवून देऊ. सगळं मिटत आलं होतं, ताई. मग ते या गाडीत चढले. अस्तर काढलं, आत बघितलं, आणि चेहराच उतरला त्यांचा. म्हणाले, पोरीला फोन लावतो. मी म्हटलं, तिला कशाला? ऐकेचनात. तिला सांगणार होते, तुझा मामा चोर आहे म्हणून. फोन काढला त्यांनी. माझा हात टेकूवर होता."

 बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्यानं पत्रे थरथरले.

"तिला कळलं असतं तर काय बिघडलं असतं रे?" मालकीणबाई म्हणाल्या. "रडली असती चार दिवस. तुला क्षमाही केली असती."

"मला नाही सोसलं. तिच्या नजरेतून उतरणं सोडून दुसरं काहीही चाललं असतं. आणि तिला भ्यायचं कारणच नव्हतं. तेवढ्या एका गाडीला मी स्वतः उभं राहून चौकट बसवून घेतली. सगळ्यांत जाड पोलादाची. माझी चिमणी झोपणार होती तिच्यात."

बाईंचा हात पिशवीच्या पट्ट्यावर होता तो तिथंच थांबला. "कोण झोपणार होती?"

"चिमणी. मी तिला तसंच म्हणतो, लहानपणापासून. दुसरं कुणी नाही म्हणत."

बाईंनी दुखऱ्या गुडघ्याचा विचार न करता गाडीत पाय टाकला. अस्तर खाली ओढलं, बॅटरी लावली. "इकडे या," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता अधिकार उरला नव्हता. "हे अक्षर कुणाचं?"

मामानं मान वर करून वाचलं. बराच वेळ तो तेवढा एकच शब्द वाचत राहिला.

"ही गाडी इथं कशी?" त्यानं विचारलं.

"तिला निळं कापड आवडलं," धाकटा म्हणाला. "तुम्ही परगावी होता. दादानं दुसरी दिली."

मग सगळ्यांना कळलं: चौकटीची गाडी इथं होती, आणि पोरगी बिनचौकटीच्या गाडीत. मालकांना अस्तर काढताक्षणी कळलं होतं तेच. त्यांना पोरीला मामाबद्दल काही सांगायचं नव्हतं. जिथं असाल तिथं थांबा आणि गाडीतून उतरा, एवढंच सांगायचं होतं. सकाळी आपण हा शब्द मोठ्यानं वाचला असता तरी पुरे होतं, हे बाईंच्या मनात आलं, आणि आता ते मरेपर्यंत जाणार नव्हतं.

मालकीणबाईंनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. जावयाचाही लावला.

"माझ्यावरून लावा," मामा म्हणाला. "माझा फोन ती कधी सोडत नाही."

फौजदारांनी त्याचा फोन त्याच्या हातात दिला. घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला, आणि मामाच्या खांद्यांतला ताण क्षणभर सैल पडला. आवाज पुरुषाचा होता. मागं वारा होता, आणि माणसांचा गलका.

"हॅलो? हा फोन इथं गवतात वाजत होता हो. वळणावर गाडी उलटलीय. बहुतेक चालवणाऱ्याला झोप लागली. तो बोलतोय, पट्टा होता त्याला. पण मागं जी होती... गाडीला वरचं काही राहिलेलंच नाही. तुम्ही या मुलीचे कोण?"

 मामानं फोन बाकावर ठेवला आणि सवयीनं बाकाच्या कडेला सरळ लावला. फोनमधला माणूस पुन्हा विचारत होता, तुम्ही कोण, तुम्ही कोण तिचे.

मालकीणबाईंनी फोन उचलला.

"मी आई आहे," त्या म्हणाल्या. "सांगा."