'आई ओरडेल' नावाचं वायफाय

बसा, आणि मधे बोलू नका. ही गोष्ट ऐकली की लोक मला समजवायला लागतात, आणि मला कुणी समजावलेलं खपत नाही. शाळा मी फार पाहिली नाही. पण मोबाइल, नेट, पासवर्ड सगळं स्वतःच्या डोक्याने शिकले. अडलं तिथे मुलाला छळलं.

मुलाला आम्ही गुंड्या म्हणायचो. हॉटेलांत, दवाखान्यांत वायफाय बसवणं हे त्याचं काम. मी प्रवासाला निघाले की तो दारातच अडवायचा. "फुकटचं नेट दिसलं की धावत सुटू नकोस, आई. कुणीही चोर ओळखीचं नाव लावून बसतो. आधी तिकीट खिडकीवर विचार, तुमच्या नेटचं नाव काय. पासवर्ड मागितला तर पहिल्यांदा मुद्दाम चुकीचा टाक. चोर काहीही गिळतो. जे खरं असतं ते चूक नाकारतं."

"तू मला शिकवतोस? तुला नाक पुसायला कुणी शिकवलं?" मी म्हणायचे. पण ऐकायचे त्याचं.

पाण्याने नेलं त्याला. खाडीपलीकडे कामाला निघाला होता, धुक्यात होडी उलटली. तो सापडला. त्याचा फोन सापडला नाही. सून तेव्हा पोटुशी होती; ती माहेरी गेली, पलीकडच्या काठाला, आणि नात तिथेच वाढली. ठकी तिचं लाडाचं नाव. आता ती विचारायला लागली होती, बाबा बोलायचे कसे?

बाबांचा आवाज होता माझ्या फोनमध्ये. साधे रोजचे निरोप. दूध आणू का, उशीर होईल, कडी लावू नकोस. सून म्हणाली, "आई, नेटवरून पाठवून द्या ना." मी म्हटलं, "परक्यांच्या गोदामांतून फिरायला तो काय पार्सल आहे? मी स्वतः घेऊन येते." हट्टीच आहे मी. त्यामुळे दुसरी प्रत कुठेच नव्हती. फोन गेला तर आवाज गेला, आणि ठकीचा बाप तिच्यासाठी कायमचा मुका.

धक्क्यावर पोचले तेव्हा दुपार होती, पण दिवस असल्यासारखं वाटतच नव्हतं. धुकं पाण्यावरून सरकत येऊन काचांना चिकटलं होतं. बोटी थांबवलेल्या. प्रतीक्षागृहात जमिनीला ठोकलेल्या खुर्च्या, ओल्या दोरांचा आणि डिझेलचा वास, आणि कुठेतरी खाली खांबांवर पाणी आपटत होतं... थांबून थांबून. फोनला रेंज नाही. पलीकडे सून लेकीला घेऊन थंडीत उभी असणार. उशीर होतोय एवढं कळवायचं होतं, म्हणून वायफाय उघडलं.

यादीत एकच नाव होतं. 'आई ओरडेल'.

हे आमच्या घरच्या वायफायचं नाव. शेजारची पोरं फुकट वापरायची, म्हणून गुंड्याने ते ठेवलेलं. तो गेल्यावर ते यंत्र मी बंद करून माळ्यावर टाकलं आणि फोनमधूनही नाव पुसलं होतं.

मी उठले, तिकीट खिडकीवर गेले. "बाई, तुमच्या नेटचं नाव काय?"

"नेट?" ती हसली. "आजी, इथे पंखा फिरला तरी आम्ही टाळ्या वाजवतो."

"मग 'आई ओरडेल' हे कुणाचं?"

तिने स्वतःचा फोन पाहिला, मला दाखवला. यादी रिकामी. "तुमच्या फोनला भास होतोय," ती म्हणाली.

जागेवर येऊन बसले. चोरच असणार, मनाशी म्हटलं. पासवर्डची चौकट आली. मुद्दाम चुकीचा टाकला. नाकारला. दुसरा चुकीचा. नाकारला. चोर असता तर गिळला असता ना? खरा पासवर्ड जगात दोघांनाच ठाऊक होता. गुंड्याने तो माझ्या कानात सांगितला होता; मी तो कुठे लिहिला नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

तुम्ही काय केलं असतं? मी आई आहे. मी खरा टाकला.

जोडलं गेलं.

सुनेला कळवायचं भानच राहिलं नाही. घरी बघायचे तसं यंत्राचं पान उघडलं, कोण कोण जोडलंय ते दाखवणारं. वर माझा फोन: 'आई'. त्याखाली: 'गुंड्या'.

किती वेळ बघत बसले, माहीत नाही. बोट त्या नावावर ठेवलं. काच ओली लागली. "तू आहेस का रे?" मी पुटपुटले. "थंडी वाजते का तिथे?..." उत्तर येण्याची सोयच नव्हती. नाव तेवढं होतं.

मग खाली तिसरी ओळ उमटली. तिला नाव नव्हतं.

आणि पडद्यावर प्रश्न आला: शेजारचं एक यंत्र तुमच्या फोनमधल्या ध्वनिफिती मागत आहे. देऊ का?

नाही, मी दाबलं. प्रश्न पुन्हा आला. नाही. पुन्हा. मी दाबायच्या आधीच पुढचा येत होता, आणि खालचं पाणी आता थांबून थांबून आपटत नव्हतं... एकसारखं आपटत होतं. गुंड्याचं बजावणं आठवलं: अनोळखी यंत्र दिसलं की विचार करत बसू नकोस, तोड.

पण तोडलं की त्याचंही नाव जाणार. ते पुन्हा दिसणार नाही, हे मला आतून कळत होतं. त्याच्याजवळ बसायचं, की त्याचा आवाज पोरीपर्यंत न्यायचा?

"येते रे बाळा," मी म्हटलं आणि वायफाय बंद केलं.

ओळी गेल्या. मी तिथे बसून रडले, मोठ्याने, लोकांदेखत. कुणाची लाज बाळगली नाही.

धुकं विरलं, बोट सुटली. सुनेच्या घरी ठकीला मांडीवर घेऊन एकेक निरोप ऐकवला. सगळे शाबूत होते. पोरगी प्रत्येक वेळी 'परत' म्हणायची. "बाबांचा आवाज माझ्यासारखा आहे," ती म्हणाली, आणि सून उठून आत गेली.

शेवटचा निरोप मला तोंडपाठ आहे. त्या सकाळी होडीत बसताना पाठवलेला. "पोचलो की फोन करतो, आई. ठेवतो." इथे तो संपायचा. हजारदा ऐकलाय, इथेच संपायचा.

त्या दिवशी संपला नाही. 'ठेवतो'नंतर नुसतं पाणी वाजत राहिलं. मग गुंड्याचा आवाज आला, दमलेला, दात आवळून कुणाला तरी रोखून धरावं तसा:

"थांब... तिला जाऊ दे."

ठकीने माझ्याकडे वर पाहिलं. "आजी, बाबा कुणाला सांगतायत?"