सनदेतला तिसरा प्रश्न

तो आत आला तेव्हा त्याच्या काखेत पाट्यांचा भारा होता, टोपीवरून पाणी गळत होतं, आणि मी, खरं सांगते, आधी पाट्याच पाहिल्या. माणूस नंतर पाहिला.

चर्चच्या तळघरातलं बीन्सचं जेवण म्हणजे आमच्या ऑर्डवे फॉल्सचा शनिवार. पाद्रीबुवा येतात, दंतवैद्य येतात, गिरणी बंद पडल्यापासून एकमेकांशी न बोलणारे दोघे भाऊसुद्धा येतात आणि दोन टोकांना बसून एकाच भांड्यातल्या बीन्स खातात. म्हणून मतदानाचे प्रश्न लोकांना समजावून सांगणाऱ्या आमच्या मतदार मंडळाचं टेबलही आम्ही तिथेच मांडायचो, गोडाच्या टेबलाला अगदी लागून. सफरचंदाच्या गोडासाठी रांगेत उभा असलेला माणूस नगर सनदेबद्दल थोडं ऐकून घेतो. एरवी कोण ऐकतंय! शहर कसं चालवायचं, कोणाला निवडून द्यायचं, कोणाला नेमायचं, हे सगळं त्या सनदेत असतं, आणि त्यात काही बदलायचं तर गावाचं मत घ्यावं लागतं. या नोव्हेंबरात मतपत्रिकेवर सनदेचे पाच बदल होते. तिसरा समजावून सांगण्याचं काम माझ्याकडे होतं.

त्याने भारा माझ्याच टेबलाला टेकवला. वरच्या पाटीवर हिरव्या रंगात झोकदार अक्षरं होती— ‘वृक्षपाल वाचवा, तिसऱ्या प्रश्नाला हो म्हणा.’ खाली हाताने काढलेलं मेपलचं पान.

मी ती पाटी पुन्हा एकदा वाचली.

“या सगळ्या अशाच आहेत?”

“सगळ्या. स्वतः रंगवल्यात. का, पान बरं नाही आलं?”

“पान सुरेख आलंय. पण…” मी मतपत्रिकेचा नमुना त्याच्याकडे सरकवला. “प्रश्न असा आहे— निवडून दिलेल्या वृक्षपालाचं पद रद्द करून ते काम बांधकाम खात्याकडे द्यावं का? हो म्हटलं की पद गेलं. राहायला हवं असेल तर नाही म्हणायचं.”

त्याने वाचलं. मग ओठ हलवत परत वाचलं. कानांच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या.

“म्हणजे मी गावभर माझ्याच विरुद्ध प्रचार करत हिंडतोय?”

“त्यावर मला काही बोलता येणार नाही,” मी म्हटलं. “मी फक्त समजावून सांगते.”

तो माझ्याकडे बघत राहिला— आणि मग असा हसला, की गोडाच्या रांगेतले लोक वळून पाहायला लागले. शहराचा वृक्षपाल एमरी कॉर्मिए तो हाच. रस्त्यांवरच्या झाडांची काळजी घेणारा, दर खेपेला बिनविरोध निवडून येणारा. मी त्याला शिडीवर चढलेलं बऱ्याचदा पाहिलं होतं. जमिनीवर असा पहिल्यांदाच पाहत होते. डोळे तपकिरी आहेत हे खालून कधी कळलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी पाट्यांवरचं ‘हो’ पुसून ‘नाही’ झालं होतं. त्याने एक पाटी मला दाखवायला आणली, जशी काही मी त्याची शाळामास्तरीण होते. दाखवून झाल्यावरही तो हलला नाही.

“तुमचं स्वतःचं काय मत आहे?” त्याने विचारलं.

मी कोटावरच्या निळ्या फितीकडे बोट दाखवलं. आमच्या मंडळाचा नियम गावाला पाठ आहे. ही फीत ज्याने लावली त्याने मतदान संपेपर्यंत आपला कौल कोणालाच सांगायचा नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. आमच्या अध्यक्ष टिबेट्सबाई, त्यांचा नवरा बिचारा जग सोडून गेला पण बायको कोणाला मत देते हे काही त्याला कळलं नाही. म्हणून तर दोन्ही बाजूंचे लोक आमच्याकडे येतात आणि आमचं ऐकतात.

“बरं, बीन्स कोणत्या आवडतात? पांढऱ्या बारीक, की पिवळ्या डोळ्याच्या? की तिथेही दोन्ही बाजू?”

“पिवळ्या डोळ्याच्या,” मी म्हटलं.

“चला. काहीतरी कळलं.”

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं चढवून विचारत असते, हे बरं दिसतं की हे? स्वतःचं मत सांगायचं नाही याची मला सवयच आहे म्हणा ना. पण त्या आठवड्यात चष्म्याची काहीही गरज नसलेला एक माणूस दुकानात आला, सगळ्या फ्रेमा घालून बघितल्या, आणि कोणती शोभते ते माझ्याकडून वदवून घेतलं. मी काळी म्हटलं. त्याने ती जागेवर ठेवली आणि नदीकाठी कॉफी प्यायला येतेस का, असं विचारलं. ‘येता का’ नाही… ‘येतेस का’. मी गेले.

तिथून मग सगळं सोपं आणि सगळं अवघड होत गेलं. तो मला झाडं दाखवायचा. वॉटर स्ट्रीटवरचा शेवटचा एल्म दाखवताना त्याने माझा हात धरून सालीवर ठेवला आणि ठेवूनच दिला. बोलता बोलता म्हणाला, तिसरा प्रश्न मंजूर झाला तर नव्या वर्षात त्याचं काम संपेल. उत्तरेला सरहद्दीजवळ काकाचा लाकडाचा धंदा आहे, तो कधीचा बोलावतोय. सांगताना आवाज अगदी साधा होता.

आणि तिसरा प्रश्न ग्रंथालयातल्या सभेत गावापुढे मांडायचा होता मलाच.

मी टिबेट्सबाईंकडे गेले आणि हे काम दुसऱ्या कोणाला द्या म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. गाव लहान आहे आणि टिबेट्सबाईंचं घर बरोब्बर नदीकाठच्या कॉफीच्या दुकानासमोर आहे.

“जिच्या मनात काहीच नाही, तिला तटस्थ राहायला काय कष्ट पडतात?” त्या म्हणाल्या. “तूच बोलायचंस, नोएला.”

मग मी तयारीला बसले, आणि तिथे माझी पंचाईत झाली. दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडायच्या तर दोन्ही नीट वाचाव्या लागतात. वाचता वाचता मला गेल्या हिवाळ्यातलं बर्फाचं वादळ आठवलं. शाळेसमोर मोडून लोंबकळणारी फांदी, आणि ती कापायला निघालेला एकटा एमरी. खाली शिडी धरायला कोणी नाही. सनदेने त्याला पद दिलं होतं. मदतनीस दिला नव्हता, धड गाडी दिली नव्हती. खात्याकडे काम गेलं तर माणसं मिळणार होती, दोर, यंत्रं, प्रशिक्षण मिळणार होतं. मी दुसरी बाजूही मन लावून वाचली. आपण निवडलेला माणूस, ज्याला रस्त्यात अडवून जाब विचारता येतो… तेही खरंच होतं. पण डोळ्यांसमोरून ती शिडी काही हलेना. मला बदल पटला होता. ज्या माणसासाठी माझा जीव खालीवर होत होता, त्याचंच पद जावं असं मला पटलं होतं.

सभेत मी बोलले. एमरी शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला होता. मी दोन्ही पारड्यांत सारखं वजन टाकलं. कोणाला काही कळलं असेल असं वाटत नाही. सभा संपल्यावर तो मला घरापर्यंत सोडायला आला. वाटेत रिमझिम सुरू झाली. त्याच्याकडे छत्री नव्हती आणि माझी दोघांना पुरत नव्हती, त्यामुळे आम्ही फार जवळून चाललो.

“माझी बाजू तू माझ्यापेक्षा चांगली मांडलीस,” तो म्हणाला. “आणि समोरचीही.” मग त्याने चाल जरा मंद केली. “नोएला… मी जावं असं वाटतं तुला?”

किती सोपं होतं नाही म्हणणं. पण ते म्हटलं असतं तर पाठोपाठ त्याने मताचं विचारलं असतं, आणि मग मी अर्धवट सांगितलं असतं किंवा खोटं.

“मंगळवारी मतदान संपेपर्यंत थांबशील?”

“थांबतो,” तो म्हणाला आणि छत्री माझ्याकडे कलती केली. त्याचा खांदा पार भिजला.

मंगळवारी शाळेच्या व्यायामशाळेत मी मतदान कक्षाचा पडदा ओढून घेतला. पेन हातात होतं, तिसरा प्रश्न समोर होता. मी बराच वेळ उभी राहिले. बाहेरून कोणीतरी खोकलंसुद्धा. ‘नाही’समोरचा गोल काळा केला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं? मी ‘हो’ काळा केला. गोल नीट भरला.

संध्याकाळी नगरपालिकेच्या पायऱ्यांवर निकाल वाचून दाखवला. तिसरा प्रश्न मंजूर. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी एमरीच्या पाठीवर हात ठेवला, आणि हळूहळू लोक पांगले. टिबेट्सबाईंनी आपली फीत काढून पर्समध्ये टाकली, माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली आणि गाडीकडे गेल्या.

एमरी कठड्याला टेकून उभा होता.

“संपलं मतदान,” तो म्हणाला. “आता सांग. कुठे दिलंस?”

मी फीत सोडायला लागले. टाचणी निघेना. तो मदतीला पुढे आला नाही. वाट बघत राहिला.

“मी हो म्हटलं,” मी म्हणाले. “तुझं पद जावं म्हणून मत दिलं मी.”

त्याचा चेहरा उतरलेला मला दिव्याच्या उजेडात स्वच्छ दिसला, आणि ते दिसू नये असं फार वाटलं.

“का?”

“गेल्या वादळात तू शाळेसमोर एकटा चढला होतास. मी दुकानाच्या काचेतून बघत होते. गावाला झाडं हवी असतील तर गावाने त्यांच्यासाठी माणसं ठेवावीत. एका माणसाचा जीव टांगणीला लावून झाडं सांभाळणं मला पटत नाही. सभेत हे सांगता येत नव्हतं. तुला तर नाहीच.” मी घाईने पुढे बोलले. “आणि तू जाऊ नयेस. माझं प्रेम आहे तुझ्यावर, एमरी. तुझ्या विरुद्ध मत दिलं आणि तू इथून जाऊ नयेस, हे दोन्ही खरं आहे. एक सांगून दुसरं लपवणं मला जमत नाही.”

“मला राग आलाय,” तो म्हणाला.

“येऊ दे.”

“बराच आलाय.”

मी मान हलवली. तो कठड्यावरचा भिजलेला पाचोळा बोटाने बाजूला सारत राहिला. वॉटर स्ट्रीटवरून एक गाडी गेली.

“तू ‘नाही म्हटलं’ असं सांगितलं असतंस ना,” तो शेवटी म्हणाला, “तर मी आभार मानले असते. खूश झालो असतो. आणि जन्मभर मनात राहिलं असतं, की हिने खरं सांगितलं की नुसतं माझं मन राखलं. तुझ्या प्रत्येक गोड शब्दावर ती शंका राहिली असती.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “आता तू म्हणतेस जाऊ नकोस, तर… ते मला जसंच्या तसं घेता येतंय.”

टाचणी अखेर निघाली.

“खात्यात जागा निघेल,” तो म्हणाला. “माझ्यासारख्याला परीक्षा द्यावी लागेल.”

“द्यावी लागेल.”

“ओळख आहे म्हणून कोणी पास करणार नाही.”

“मी तर मुळीच नाही.”

तेव्हा तो हसला. थकलेलं हसू होतं, पण माझ्यासाठी होतं. त्याने माझा गार पडलेला हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला.

“काकाला उद्या फोन करतो.”

“काय सांगशील?”

“सांगेन, हरलो,” तो म्हणाला. “आणि इथेच राहतोय.”