चार पाकळ्या की तीन

"हा चालेल ना?" गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात काउंटरवरचा सगळ्यात लहान कॅम उचलून तिनं विचारलं.

"चालायलाच नको," दुकानदार मान वर न करता म्हणाला. "चालला की संपलं."

ती आधीच दिवसभराची वैतागलेली. "सरळ उत्तर द्यायची पद्धत नाही का इथं?"

मग त्यानं हातातला पट्टा बाजूला ठेवून तिच्याकडे पाहिलं... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. "दोराच्या हेलकाव्यानं कॅम भेगेत सरकत जातो, त्याला आम्ही चालणं म्हणतो. म्हणून या दुकानात 'चालेल' म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

"पसंत आहे."

हे शब्द एरवी कुठल्या बैठकीत म्हणतात ते दोघांच्या एकदमच लक्षात आलं. तिनं घाईघाईनं कॅमचा खटका ओढला. पाकळ्या मिटल्या. सोडला, तशा उघडल्या. कड्यावर चढताना भेगेत बसवायची ही करंगळीएवढी वस्तू. दोर तिच्यात अडकवायचा, आणि हात सुटलाच तर तिच्या पाकळ्यांनी कातळ धरून ठेवायचा. एवढ्याशा धातूवर अख्खा माणूस.

"कुठल्या कड्यासाठी?"

"खाणीमागच्या."

त्याचं हसू मावळलं. "तिथं गेल्या वर्षी—"

"माझा दादा होता तो."

दादाचा कॅम निसटला, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. हलगर्जीपणा नडला, असं क्लबवाले म्हणाले. सांत्वनाला आलेले मामाही चहा पिता पिता तेच म्हणाले, आणि आईनं मान डोलावली. ते मान डोलावणं तिच्या काळजात रुतून बसलं होतं. ज्या माणसानं तिला गाठ बांधायला शिकवली, बांधलेली सोडून पुन्हा बांधायला लावली, तो हलगर्जी? ती जागा तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती. त्यापायी जिवावर बेतलं तरी बेहत्तर, इथवर तिची मजल गेली होती.

त्यानं कॅम विकला नाही. "आधी हात बसू दे," म्हणाला. मग रोज संध्याकाळी कवळ्या बनवण्याच्या लॅबमधलं आपलं काम आटपून ती थेट दुकानात येऊ लागली. मागच्या खोलीत त्यानं दोन दगड शिकंज्यात आवळून भेग तयार केली होती. तिच्या बोटांना प्लास्टरचा वास, त्याच्या बोटांना तेलाचा.

"चार पाकळ्यांचा जास्त भरवशाचा, पण रुंद. तीनचा अरुंद, कुठंही शिरतो... पण एक पाकळी घसरली की उरलेल्या दोघींचं काही खरं नाही."

"मग घ्यायचा कुठला?"

"भेग खोल असेल तर चार. उथळ असेल तर तीन."

"आणि माणूस उथळ असेल तर?"

"त्याला दुकानात बसवतात," तो गंभीरपणे म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी ती खळखळून हसली. हसल्याचं तिला लगेच वाईटही वाटलं. दादा नसताना हे असं हसायचं? त्यानं ते ओळखलं असावं. पुढं सरकलेला त्याचा हात दगडावरच थांबला.

"दोर कोण धरणार आहे?" त्यानं विचारलं.

"तुम्ही नुसतं विचारताय, की..."

"मी धरतो म्हणतोय."

त्या रविवारी आभाळ राखाडी होतं आणि कातळ गार. ती हळूहळू वर गेली. निम्म्याच्या वर चार पाकळ्यांचा कॅम छान खोल बसला. त्याच्या वर, दादा जिथून पडला तिथं, भेगेचं तोंड बाहेर फाकलेलं. तिनं दुसरा चारवाला घालून पाहिला. दोन पाकळ्या आत, दोन उघड्यावर लोंबत. दादाकडे सगळे चारवालेच होते. बिचाऱ्यानं किती वेळ खटपट केली असेल इथं!

तिनं तीनवाला बसवला. शिरला. पण तोही जेमतेम टेकलेला.

"हा धरेल का?" ती ओरडली.

खालून उत्तर यायला वेळ लागला. वर्षभर सगळ्यांनी तिला काहीतरी चटकन सांगून गप्प केलं होतं.

"माहीत नाही!" तो ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता. "मला माहीत नाही गं... तू खाली ये!"

तिला रडू फुटलं. दादा हलगर्जी नव्हता. तिथं कुठल्याच कॅमला धरायला काही नव्हतं. आणि खाली एक माणूस खोटं न बोलता तिच्यासाठी घाबरला होता. वर माथा अगदी जवळ दिसत होता. तिला जगायचं होतं, फार जगायचं होतं, आणि त्याच्याबरोबर. एकेक पाऊल चाचपत ती खालच्या भक्कम कॅमपर्यंत उतरली आणि मग त्याच्या दोरावर तिनं आपला सगळा भार टाकला.

जमिनीला पाय लागले तरी तो दोर सोडेना.

"आले ना मी," ती म्हणाली.

"हो. पण हात ऐकत नाहीत... पसंत वगैरे फार लहान शब्द झाला आता. प्रेम आहे माझं."

तिनं त्याची बोटं एकेक करून दोरावरून सोडवली आणि आपल्या हातात घेतली. मग आईला फोन लावला.

"आई, उतरले मी खाली. दादाची चूक नव्हती गं. मी पाहून आले."

पलीकडून आईनं विचारलं, "दोर कोणी धरला होता?"

"आहे एक जण. इथंच आहे."

"दे त्याला."

तो ऐकत राहिला. "हो," म्हणाला, "हो, काकू." फोन परत देताना त्याचे डोळे भरले होते.

"काय म्हणाली?"

"रडत होत्या. मग म्हणाल्या, जेवायला या दोघं."