खडूसची शाबासकी

"एकाने माझं कौतुक केलंय," तरुण प्रोग्रामर म्हणाला. तो पुरता घाबरला होता.

"आमच्याकडे असं झालं तर आम्हीही घाबरतो!" भावोजी हसले.

"त्यांना बोलू द्या, भावोजी." गुप्तहेर वहिनींनी धाकट्या दिराला गप्प केलं.

प्रोग्रामरने प्रोग्राम लिहायच्या कोड एडिटरला जोडता येणारं, टिपणं ठेवायचं एक प्लगइन बनवलं होतं. 'खडूस' या टोपणनावाचा एक वापरकर्ता रोज त्यावर प्रतिक्रिया पाठवायचा, आणि ती तक्रारच असायची. खाली फोन, पत्ता आणि 'पटत नसेल तर येऊन भांडा'.

"तक्रारी कसल्या?"

"विचित्रच. 'या बटणाला नावच नाही, कळणार कसं?' अहो, त्यावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे! 'टिपण सेव्ह झालं की गप्प का बसता, सांगत जा.' हिरवी खूण येते की! मग तक्रारी अचानक थांबल्या. फोन उचलेना. मी निरोप टाकला, प्रतिक्रिया आली नाही तर पोलिसांत जातो. लगेच आली, त्याच्याच संगणकावरून: 'नवे रंग डोळ्यांना गार वाटतात. उत्तम काम.' हा माणूस असं लिहिणार नाही हो. त्याच्या जिवाचं काही बरंवाईट झालं असेल तर?"

वहिनी केव्हाच उठल्या होत्या.

दार खडूसच्या भाचीने उघडलं. ती नुकतीच प्रवासाहून आली होती. "मामाचे धंद्यातले भागीदारकाका म्हणतात, तो हवापालटाला गेलाय. माझ्याकडे राहायला ये म्हटलं म्हणून आमचं वाजलं होतं, पण न सांगता जाईल?"

"घराच्या किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक काकांकडे. त्यांचं ऑफिस वरच आहे. बोलावते."

मामाच्या खोलीतला बल्ब उडालेला होता. खिडकी उघडल्यावर टेबलावर संगणकाचा डबा, कीबोर्ड आणि स्पीकर दिसले. मधोमध धुळीत एक ताजा चौकोनी ठसा होता. दारामागे काठी टेकवलेली होती.

"पाय दुखत असणार," भावोजी म्हणाले. "आणि वहिनी, स्क्रीन चोरीला गेलाय!"

"चोरी कसली?" भागीदार हसत आत आला. त्याला पोचवून भाची पाणी आणायला वळली होती. "स्क्रीन बिघडला, म्हणून जाताना त्यानेच दुरुस्तीला टाकला."

"गेले कसे?"

"मीच गाडीत बसवून दिलं."

भाची पाणी घेऊन आली. वहिनींनी पेल्याकडे पाहिलंही नाही. "तुमच्या मामांना कधीपासून दिसत नाही?"

"लहानपणापासूनच. का?"

"दिसत नाही? मग तो माझं प्लगइन वापरतो कसा?" प्रोग्रामरने विचारलं.

"त्यांचा संगणक सगळं वाचून दाखवतो," वहिनी म्हणाल्या. "नाव नसलेलं चित्र तो काय वाचणार? हिरवी खूण ऐकू कशी येणार? त्यांना बल्ब लागत नाही, स्क्रीनही लागत नाही. 'रंग डोळ्यांना गार' हे कुणा डोळस माणसाने लिहिलं. पोलिसांच्या धाकाने घाईत लिहिलं. त्यासाठी त्याने बाहेरून स्क्रीन आणला आणि परत नेला, त्याचा ठसा उमटला. किल्ल्या दोघांकडे. पण भावोजींनी चोरीचं नाव काढताच, पोलीस नकोत म्हणून, नसलेला स्क्रीन दुरुस्तीला पाठवणारा एकच."

"तो गावाबाहेर आहे!" भागीदार ओरडला.

"काठी इथे ठेवून? हाताला धरून नेलं, तेही जवळच. वर."

भाचीचा चेहरा उतरला. "काकांना दोघांचा धंदा विकायचाय. मामा सही देत नव्हता."

भावोजींनी भागीदाराची मानगूट धरली आणि खिशातली किल्ली काढली.

वरच्या ऑफिसमागे कोठीची खोली होती. मामा भिंतीला टेकून बसला होता. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता, पण श्वास चालू होता. भाचीने रडतच त्याला मिठी मारली.

प्रोग्रामरने हसून हात पुढे केला. मामाने तो घेतला नाही. त्याचं तोंड भलतीकडेच होतं. आपण इथेही नुसतं दाखवतोय, सांगत नाही, हे तेव्हा कुठे पोराच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मी प्लगइनवाला," तो मोठ्याने म्हणाला. "तुमच्या समोर आहे. माझा हात तुमच्या उजव्या हाताजवळ आहे."

मामाने तो चाचपला आणि घट्ट धरून ठेवला.