डेकवर आलेली विमानं

खिळ्यावर दांडा नव्हता.

परत वर निघालेल्या सूनबाईने चहाचा रिकामा ट्रे एका हातावर तोलला आणि दुसऱ्या हाताने दाराशेजारची भिंत चाचपून पाहिली. खिळा जागेवर होता. दांडा घासून घासून भिंतीवर पडलेला काळा डागही होता. दांडा तेवढा गायब.

"बाबा, दाराचा दांडा कुठे ठेवलात?"

तिच्या सासऱ्यांना ऐकू गेलं नाही, कारण खोलीत मिडवेची लढाई पेटली होती.

ही खोली म्हणजे घराखालचं तळघर. महायुद्धात बॉम्बपासून जीव वाचवायला बांधलेलं. भिंती हातभर जाड, खिडकीचं नाव नाही, हवेसाठी छतातून एक पाइप. पोलादी दार ओढलं की आपोआप बंद व्हायचं. बाहेरून ते चाक फिरवून उघडायचं. आतून उघडायला मात्र चौकोनी टोकाचा लोखंडी दांडा दारातल्या भोकात घालून फिरवावा लागायचा. दांडा नसेल तर ते दार आणि भिंत सारखंच.

सासऱ्यांना त्यांचे मित्र ॲडमिरल म्हणत. समुद्र त्यांनी सहलीपुरता पाहिला होता, पण दोन्ही महायुद्धांतली जहाजं त्यांनी लाकडात एकेक करून घडवली होती. दर रविवारी दुपारी त्यांचे तिघे मित्र, एक दंतवैद्य, एक शाळामास्तर आणि एक घड्याळवाले, इथे जमत आणि त्या जहाजांवरून तावातावाने भांडत. या मंडळाचा नियम कडक होता: फोन वरच्या टोपलीत ठेवून यायचं. वाद डोक्यातल्या माहितीवर घालायचा, फोनमधल्या नव्हे. चहा घेऊन येणाऱ्या सुनेलाही त्यातून सूट नव्हती.

म्हणजे आता दार बंद, फोन वर, आणि घरात चिटपाखरू नाही. नवरा सामानाची पहिली खेप घेऊन नव्या फ्लॅटवर गेला होता. तो संध्याकाळशिवाय येणार नव्हता.

"दांडा नाहीये," ती मोठ्याने म्हणाली. "आपण आत अडकलोय."

आता कुठे लढाई थांबली.

आधी सगळे हसले. मग शोधायला लागले. कपाटाखाली पाहिलं, खुर्च्यांखाली पाहिलं, फळ्यांवरच्या जहाजांच्या मागे पाहिलं. दंतवैद्यांनी स्वतःहून खिसे उलटे केले. मास्तरांनी पिशवी झटकून दाखवली. घड्याळवाल्यांनी तर बूटसुद्धा काढले, आणि ते परत घालावेत म्हणून सगळ्यांनी त्यांना हात जोडले. दार ठोकून झालं, ओरडून झालं. ज्या भिंतींतून बॉम्ब आत येत नव्हता, त्यांतून चार म्हाताऱ्यांचा आवाज बाहेर काय जाणार?

इतक्यात दारावरचा छोटा लाल दिवा लुकलुकला. खाली घंटा ऐकू येत नाही म्हणून ॲडमिरलनी तो बसवून घेतला होता. वर कोणीतरी बेल वाजवत होतं.

"संग्रहालयाची गाडी!" दंतवैद्य म्हणाले.

घर विकलं होतं. ॲडमिरल मुला-सुनेच्या नव्या फ्लॅटवर राहायला जाणार होते, आणि फ्लॅटमध्ये एवढी जहाजं मावणार नव्हती म्हणून ती एका संग्रहालयाला दिली होती. आज त्यांची गाडी येणार होती. मंडळाचा हा शेवटचा रविवार. दार उघडलं नाही तर आम्ही पुढे निघू, पुन्हा फेरी होणार नाही, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं.

दिवा पुन्हा लागला. सगळे त्याच्याकडे खुळ्यासारखे बघत राहिले. मग तो विझला आणि लागलाच नाही.

सूनबाई सासऱ्यांकडे वळली. ते खुर्चीत ताठ बसले होते. कपाळावर घाम होता आणि डावा हात मांडीवर आवळून धरला होता.

"बाबा, छातीत दुखतंय?"

"छे. पित्त आहे."

"स्प्रे कुठाय?"

त्यांनी छताकडे नजर टाकली. मग म्हणाले, "वर. कोटात."

छातीत दुखायला लागलं की तो स्प्रे जिभेखाली मारायचा, क्षणभरही अंगावेगळा ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. आणि सामान बांधायच्या गडबडीत तिनेच सकाळी त्यांचा कोट वर अडकवला होता. तिला एकदम खोली लहान झाल्यासारखी वाटली. छत खाली आल्यासारखं. दाराला लाथ घालावी असं वाटलं आणि तिने ती घातलीही. पायालाच लागलं.

"सगळ्यांनी ऐका," ती वळून म्हणाली. "बाबांचं औषध वर आहे. ते लवकर मिळालं नाही तर काहीही होऊ शकतं. दांडा आपोआप चालत गेलेला नाही. सकाळी मी केर काढला तेव्हा तो खिळ्यावर होता. त्यानंतर तुम्ही तिघंही एकेकटे खाली येऊन गेलात. कोण कशाला आलं होतं?"

मास्तर अर्धवट उठले आणि परत बसले. "येईलच की तुझा नवरा," ते पुटपुटले.

सूनबाई विमा कंपनीत होती. अपघाताचे दावे खरे की खोटे हे तपासणं तिचं काम. माणूस खोटं काय बोलतो याकडे ती फारसं लक्ष देत नसे. एरवी जे हमखास बोलला असता ते आज का बोलत नाही, हे ती बघायची. या एका सवयीने तिने बरेच दावे निकालात काढले होते.

"डॉक्टर, तुम्ही?"

"माझा चष्मा राहिला होता मागच्या रविवारी," दंतवैद्य म्हणाले. "घेतला आणि वर आलो. दांड्याकडे लक्ष कोणाचं जातं? दार उघडंच ठेवलं होतं, मग लागतच नाही तो."

"काका, तुम्ही?"

"भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला," घड्याळवाले म्हणाले. "दर रविवारी मीच देतो. आता देणार कोण देव जाणे."

"मास्तर?"

"निरोप घ्यायला," मास्तर म्हणाले. "एकट्याने घ्यावासा वाटला."

भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांचं घर बायको गेल्यापासून सुनंसुनं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मघाशी एवढे भांडत कशावरून होतात?"

"ते बघ ना!" दंतवैद्यांनी मधल्या टेबलाकडे बोट केलं.

टेबलावर खाटेएवढं लांब जपानी विमानवाहू जहाज होतं, ॲडमिरलचा जीव की प्राण. त्याचा डेक, म्हणजे वरची सपाट धावपट्टी, डब्याच्या झाकणासारखा उचलता यायचा आणि खाली विमानं ठेवायची पोकळ जागा होती. दुसऱ्या महायुद्धात मिडवे बेटाजवळच्या लढाईत अमेरिकन बॉम्बफेकी विमानं डोक्यावर आली, तेव्हा जपानी विमानं उड्डाणाच्या तयारीत डेकवर उभी होती की अजून खालीच होती? या एका प्रश्नावर मंडळाने दोन वर्षं डोकी फोडायची बाकी ठेवली होती. दंतवैद्य म्हणायचे, वर. मास्तर म्हणायचे, खाली. घड्याळवाले युद्धनौकांच्या तोफांचे भक्त. त्यांच्या मते विमानं म्हणजे माश्या, कुठेही बसू देत. गेल्या रविवारी ॲडमिरलनी निकाल दिला होता: मास्तरांचा पुरावा भक्कम आहे, विमानं खाली जातील. आणि त्यांनी ती स्वतःच्या हातांनी खाली ठेवली होती. दंतवैद्य त्या दिवशी चहा न पिता गेले होते.

आज सगळी विमानं डेकवर होती. हलकी लढाऊ पुढे, टॉर्पेडो म्हणजे पाणतीर टाकणारी जड विमानं मागे, अगदी रीतसर रांगेत.

"आल्या आल्या बघतो तर ही वर!" घड्याळवाले म्हणाले. "डॉक्टरांशिवाय कोण करणार? सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

"मी हातही लावलेला नाही. पण ज्याने केलं त्याला माझे आशीर्वाद आहेत," दंतवैद्य खुशीत म्हणाले. "हे बघ सूनबाई, डेक उचलून दाखवतो, खाली एकसुद्धा..."

"राहू दे हो," मास्तर मध्येच म्हणाले. "शेवटचा दिवस, मोडतोड नको. वर तर वर. आज वाद नको."

"मघापासून हेच चाललंय यांचं," दंतवैद्य म्हणाले. "मी भांडतोय आणि हे शरण. मजाच गेली!"

ॲडमिरलचा श्वास आता ऐकू येत होता.

सूनबाईने जहाजाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. मास्तर स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

"मास्तर," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही काढता, की मी काढू?"

क्षणभर कोणालाच काही कळलं नाही. मग मास्तर उठले. त्यांनी डेक घाईने उचलला. तो वाकडा झाला, विमानं घरंगळून जमिनीवर पडली. खालच्या पोकळीत, फडक्यात गुंडाळलेला, लोखंडी दांडा होता.

सूनबाईने तो हिसकावलाच. दांडा भोकात बसला, दार करकरत उघडलं आणि ती एका दमात जिना चढली. कोट, खिसा, स्प्रे. परत आली तेव्हा दंतवैद्यांनी ॲडमिरलच्या शर्टाची बटणं काढली होती. तिने स्प्रे जिभेखाली मारला आणि त्यांचा हात धरून बसली. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला, आवळलेली मूठ सुटली. तिला तेव्हा रडूच आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

"आता सांग," घड्याळवाले म्हणाले. "तुला कसं कळलं?"

"विमानं वर दिसली आणि तुम्हाला त्यात वाद दिसला," ती डोळे पुसत म्हणाली. "दोन वर्षं तेच केलंत, दुसरं काय दिसणार? मला विमानं वर होती की खाली याचं सोयरसुतक नाही. मला दिसला रिकामा केलेला डबा. डबा रिकामा करतात तो दुसरं काही ठेवायला."

"पण मीच कशावरून?" मास्तरांनी विचारलं. आवाजात बचाव नव्हता, नुसती सवय होती.

"विमानं नीट लावलेली होती. काकांनी लावली असती तर जमेल तशी ठेवली असती. त्यांच्या लेखी सगळ्या माश्याच. डॉक्टरांनी लपवलं असतं तर ते स्वतःच डेक उचलायला गेले नसते. राहिलात तुम्ही. दोन वर्षं घसा फोडून जिंकलेला वाद, आणि आज तुम्ही म्हणता, वर तर वर. मास्तर, तुम्ही मरताना पण 'विमानं खाली होती' असं म्हणाल. मग आज डेक उघडू नये म्हणून एवढी धडपड का?"

मास्तर दांड्याच्या फडक्याची घडी घालायला लागले.

"गाडी परत जावी, एवढंच," ते म्हणाले. "गाडी गेली की दांडा सापडल्यासारखं करणार होतो. आणखी थोडे रविवार मिळाले असते. स्प्रे वर आहे हे मला ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा उठणार होतो. पण ॲडमिरल म्हणाले पित्त आहे, आणि मला ते खरं मानायचं होतं म्हणून मी मानलं."

"माणूस गेला असता, मास्तर!" दंतवैद्य कडाडले.

"त्याला बोलू नका," ॲडमिरल म्हणाले. आवाज खोल गेला होता, पण स्पष्ट होता. "मला माहीत होतं."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"जहाज मी बांधलंय. विमानं वर आली म्हणजे खाली काहीतरी गेलं, हे मला कळणार नाही? दांडा नाही म्हणालीस तेव्हाच समजलं."

"मग बोलला का नाहीत?" सूनबाई ओरडलीच. "छातीत दुखत असताना?"

"बोललो असतो तर दार उघडलं असतं," ॲडमिरल म्हणाले.

घर विकायचं ठरलं तेव्हा तिने आणि नवऱ्याने सगळी व्यवस्था केली होती. दवाखाना जवळ, लिफ्टची सोय, त्यांची वेगळी खोली. सगळं त्यांच्या भल्याचं. ते त्यांना सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. आणि हा माणूस त्या फ्लॅटपेक्षा या बंद खोलीत छाती धरून बसायला तयार झाला होता.

दारावरचा लाल दिवा पुन्हा लुकलुकला.

"गेली नाही गाडी?" मास्तर चकित होऊन म्हणाले.

घड्याळवाले वर जाऊन आले. "ड्रायव्हर गाडीतच झोपला होता," ते म्हणाले. "आता विचारतोय, जहाजं न्यायची की नाही?"

तिघांनी सूनबाईकडे पाहिलं. ती सासऱ्यांसमोर गुडघ्यांवर बसली.

"आधी दवाखान्यात जायचं, त्यात वाद नाही. पण जहाजांचं तुम्ही सांगा, बाबा. तुम्ही सांगाल तसं."

ॲडमिरलनी फळ्यांवरून नजर फिरवली.

"बाकीची जाऊ देत. चार लोक बघतील." त्यांनी मधल्या टेबलावरच्या विमानवाहू जहाजाकडे बोट केलं. "हे एवढं तुमच्याकडे मावेल?"

"जेवायच्या टेबलावर मावेल."

"मग जेवायचं कुठे?"

"खाली बसून. आणि रविवारी मंडळ तिथेच भरेल. मास्तर, तुम्हीही यायचं. फक्त दारात तुमची पिशवी तपासली जाईल."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना हुंदका आवरत नव्हता. ते तसेच जमिनीवर वाकले आणि सांडलेली विमानं एकेक करून उचलायला लागले. सगळी ओंजळीत आल्यावर ते जहाजाशी थांबले आणि त्यांनी दंतवैद्यांकडे पाहिलं.

"खालीच होती," मास्तर नाक ओढत म्हणाले.

"वर होती," दंतवैद्य म्हणाले, आणि डेक उचलून धरला.