तुळसाच्या घरचं वाचन

गुरुप्रसाद आंब्रे यांच्या कादंबऱ्या रत्नागिरीत जेवढ्या वाचल्या जात, त्याहून जास्त ऐकल्या जात. वाचनालयाच्या माडीवर दर महिन्याला कथावाचन असे, आणि सर आपलं नवं प्रकरण पहिल्यांदा तिथेच वाचत. आवाज भारदस्त, किंचित घोगरा. नुसत्या त्या आवाजासाठी येणारे लोकही होते.

मागच्या बाकावर तुळसा बसायची. मिरकरवाड्यात मासे विकणारी विधवा. तिचा एकुलता एक मुलगा शिवा ट्रॉलरवरून समुद्रात पडला, तो सापडलाच नाही. दिवसकार्य उरकून घे, असं सगळे सांगत. ती ऐकत नव्हती. एकदा तिने सरांना जिन्यात गाठलं.

"सर, माज्या शिवाची गोष्ट लिवा. शेवटाला तो घरी येतो, असं लिवा."

सरांना नाही म्हणवेना. त्यांनी प्रकरण लिहिलं. चारचौघांत वाचायला नको, म्हणून एका संध्याकाळी ते स्वतःच तिच्या घरी गेले.

बंदरावर अजून उजेड होता. लिलाव आटोपून क्रेट धुतले जात होते. तुळसाने खुर्ची पुसून दिली, दार लावून घेतलं आणि समोर जमिनीवर बसली. सर वाचू लागले. शिवा किनाऱ्याला लागला... शिवा गल्लीत शिरला... बाहेरचे आवाज कधी थांबले, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. घरात मासळीचा नेहमीचा वास होता. त्याच्या खालून दुसराच एक वास हळूहळू वर येत होता. खोल, गार, गाळाचा.

'शिवाने दारावर थाप मारली,' सरांनी वाचलं.

दारावर थाप पडली. मऊ. ओल्या हाताची.

सर थबकले. "तुळसाबाई... कोण आलंय?"

"वाचा," ती दाराकडे न बघता कुजबुजली. "थांबू नका..."

"नको... मी उद्या येतो."

त्यांनी कागद मिटले. पण वाचणं थांबलं नाही. त्यांचे ओठ हलत होते, त्यांचाच घोगरा आवाज घरभर बोलत होता, आणि त्यातला एकही शब्द त्यांनी लिहिलेला नव्हता. जाळ्यात पाय कसा अडकला, वर बोटीचा दिवा कसा लहान लहान होत गेला, हाक मारायला तोंड उघडलं तर पाणीच कसं आत आलं... सरांनी दोन्ही हात तोंडावर दाबले. बोटांच्या फटींतून आवाज येतच राहिला.

"आये... लय गारठलंय गो..."

तुळसाच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती हसत होती. "सांग बाबा. मी आयकतंय."

किती वेळ गेला कोण जाणे. एकाएकी घसा रिकामा झाला. सर धडपडत उठले आणि त्यांनी दार उघडलं. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. उंबऱ्याबाहेरची फरशी कोरडी ठक्क होती. निरोप घ्यायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

तो पुन्हा फुटलाच नाही. मुलगा ओमकार त्यांना मुंबईच्या डॉक्टरांकडेही घेऊन गेला. घशात काही दोष सापडेना. माडीवर त्यांची प्रकरणं आता दुसरे वाचत, आणि सर नुसते ऐकत बसत. तुळसा तिकडे फिरकली नाही. सरांनीही मिरकरवाड्यात जाणं सोडलं.

दिवाळी झाल्यावर तिची शेजारीण मथुरा त्यांना बाजारात भेटली.

"सर, पुण्याचं काम करताय हो. रोज तिन्हीसांजेला तुळसाकडं वाचायला येताय. भिंतीला कान लावून आमीपन आयकताव."

सरांनी जोरजोरात मान हलवली. हातांनी नाही नाही म्हटलं.

"असं काय करताय? तुमचा आवाज आमी वळखत नाय काय?" मथुरा हसली. "शिवाची गोष्ट तर संपली. काल दुसऱ्याच कुनाची तरी सुरू केलीत... ओमकार कोन हो, सर?"